बावीस पावलं

"आता डावीकडं वळ," समीक्षा फोनवर म्हणाली. "कोपऱ्यावर काय लागलं ते सांग."

ज्ञानेश्वरी डावीकडं वळली. कोपऱ्यावर पाण्याची काळी टाकी होती.

"चपलांचं दुकान हाय," तिनं सांगितलं. "बाहेर दोरीला लटकवल्यात. लई काही भारी न्हाईत."

समीक्षा नांदेडात होती, लॅबमधली ड्यूटी संपवून वजिराबादच्या गर्दीत शिरलेली. ज्ञानेश्वरी लातुरात, सासरच्या गच्चीवर. दोघी मूळच्या हदगावच्या, दहावीपर्यंत एका बाकावर बसलेल्या. रोज साडेपाचला फोन कानाला लावायचा आणि दोघींनी आपापल्या गावात एकदमच चालायला लागायचं, असा त्यांचा खेळ होता. आज हिची पाळी, उद्या तिची. जिची पाळी ती वळेल तिथं दुसरीनं वळायचं, ती थांबेल तिथं थांबायचं, आणि समोर काय आलं ते खरं खरं सांगायचं. अर्धं नांदेड ज्ञानेश्वरीनं असं कानानं बघितलं होतं. लातूर मात्र ती दोन महिने मनानंच रचून सांगत होती.

झालं होतं एवढंच, की ती घरात न विचारता बी.एड.चा फॉर्म भरून आली. त्या दिवसापासून फाटकाला कुलूप, आणि किल्ली चांगुणाबाईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या, कमरेच्या पिशवीत. नवरा म्हणाला, आई म्हणेल तसं. विषय संपला. तिला वर यायची मुभा होती ती वाळलेलं धुणं काढायला.

हे समीक्षाला सांगायचा तिला धीर होत नव्हता. लाज होतीच, पण भीती त्याहून मोठी. खरं कळलं तर समीक्षाला वाईट वाटेल, ती खेळ बंद करेल, आणि दिवसातला हा पाऊण तासही जाईल. मग उरतं काय? धुणं.

"सरळ चाल," समीक्षा म्हणाली. "मी नदीवर, बंदाघाटाकडं निघाले. गुरुद्वाऱ्याला आलेली मंडळी हायत, पाय ठेवायला जागा न्हाई. तुझ्याकडं?"

"मी भर बाजारात, गोलाईत आले. सोळा रस्ते फुटलेत इथून. कुठूनबी निघावं."

ती दोरीवरच्या चादरीला धरून जरा थांबली.

आणि तेवढ्यात टाकी भरून वाहायला लागली. त्यांच्या गल्लीत नळाला आठवड्यानं पाणी सुटायचं. लातुरात दोन उन्हाळे काढलेली बाई एक वेळ जीव चालला तरी गप्प बसेल, पाणी चाललं तर बसणार नाही. ज्ञानेश्वरी कठड्यावरून वाकली आणि तिनं खाली सासूबाईंना हाळी दिली, "आत्याबाई, मोटर बंद करा. टाकी भरली."

मग तिला आठवलं, फोन कानालाच होता.

पलीकडं नुसते रिक्षांचे हॉर्न ऐकू येत होते.

"ज्ञाने," समीक्षा म्हणाली, "गोलाईत आत्याबाई कुठून आल्या गं?"

ज्ञानेश्वरीनं काहीतरी रचायला तोंड उघडलं.

"गच्चीवर हायस ना?"

"हाव."

"कधीपासून?"

"पंचमीपासून. फाटकाला कुलूप हाय."

"तरीच. तुझ्याकडून कधी गाडीचा आवाज आला न्हाई. मला वाटायचं, लातूर लई शांत गाव हाय."

ज्ञानेश्वरीला हसू आलं, आणि त्याच हसण्यात रडू फुटलं. "आता तू माझ्यासंगं फिरणार न्हाईस," ती म्हणाली.

"गच्ची किती पावलाची हाय?"

"लांबीला बावीस. मग जिन्याचं दार."

"आणि आज पाळी कुणाची?"

"तुझी."

"मग टोकाला जा आणि तिथून मोजत चाल. मीबी मोजते."

ती डोळे पुसत टोकाला गेली आणि चालायला लागली. कानात समीक्षाची पावलं वाजत होती.

"बावीस झाली," ज्ञानेश्वरी म्हणाली. "दार आलं. वळू?"

"मी वळले का? सरळ."

"फुडं पायऱ्या हायत."

"मग उतर."

धुणं दोरीवरच राहिलं. ती जिना उतरली. खाली चांगुणाबाई मोटर बंद करून पदराला हात पुसत होत्या. "कपडे कुठायत?" त्यांनी विचारलं. ज्ञानेश्वरी त्यांच्या अंगावरून पुढं गेली आणि फाटकाशी जाऊन उभी राहिली.

"समोर काय आलं ते सांग," समीक्षा म्हणाली.

"फाटक. कुलूप लावलेलं."

"बरं. मीबी थांबले मग. तू निघाल्याबिगर पाऊल उचलायची न्हाई."

ज्ञानेश्वरीनं फोन कानाचा काढला नाही. वळून दुसरा हात तिनं सासूबाईंपुढं धरला.

"आत्याबाई, किल्ली द्या."

चांगुणाबाईंनी कमरेची पिशवी मुठीत घट्ट धरली. तिकडं नांदेडात कुणीतरी हॉर्नवर हॉर्न वाजवत होतं, ताई, बाजूला व्हा, रस्त्याच्या मधी काय उभ्या राहिलात, म्हणून ओरडत होतं. समीक्षा बाजूला झाली नाही.