चौथा कोपरा

“लिहा मास्तर,” म्हातारे पाळक म्हणाले, “आता असा एक मुद्दा, ज्याला त्या पलीकडच्या उपदेशकाकडे आजतागायत उत्तर नाही.”

मास्तरांनी लिहिलं. ‘उपदेशक’ हा शब्द लिहिताना हात जरा अडखळला, कारण तो पलीकडचा उपदेशक म्हणजे ते स्वतःच होते.

एकाच रस्त्याच्या दोन टोकांना दोन ख्रिस्ती मंडळ्या. या टोकाला तान्ह्या बाळांना बाप्तिस्मा देत. त्या टोकाला देत नसत. माणसानं कळत्या वयात स्वतः विश्वास धरावा आणि मग पाण्यात उतरावं, असं तिथलं म्हणणं. या एका प्रश्नावर पाळक आणि उपदेशक चाळीस वर्षं भांडत आले होते. पत्रकांतून भांडले, भर सभेत भांडले. रस्त्यात गाठ पडलीच तर दोघांनाही एकदम दुकानात टांगलेल्या छत्र्यांमध्ये रस वाटू लागे.

मग पाळकांची दृष्टी गेली. मागोमाग काळजानं कुरकुर सुरू केली. डॉक्टरांनी महिन्यांची भाषा केली आणि जन्मभराचं पुस्तक अजून डोक्यातच होतं. एका दुपारी त्यांची मुलगी उपदेशकांच्या दारात येऊन उभी राहिली. कपडे शिवता शिवता उठून आली होती, गळ्यात मापाची टेप तशीच.

“काका, बाबांचं पुस्तक लिहून घ्यायला माणूस मिळत नाही. तुम्ही याल? पण त्यांना कळू देऊ नका हं. रिटायर्ड मास्तर आहे म्हणा, आणि आवाज जरा खाली ठेवा.”

शत्रूचा दारूगोळा आयताच बघायला मिळतोय, अशी उपदेशकांनी स्वतःची समजूत घातली. खरं कारण त्यांनी बायकोलासुद्धा सांगितलं नाही. हा माणूस पुस्तक डोक्यातच घेऊन जाणार, हे त्यांना सहन होत नव्हतं.

तेव्हापासून रोज सकाळी नऊला ते मांडीवर फळी आणि कागद घेऊन बसत. आधी दोघं मिळून प्रभूची प्रार्थना म्हणत. ती दोघांनाही पाठ होती आणि तिच्यात भांडायला जागा नव्हती. मग पाळक सांगू लागत. समोर टिपण नाही, डोळ्यांपुढे उजेड नाही, पण बायबलातला अध्याय आणि ओवी कधी चुकली नाही. उपदेशक मनातल्या मनात थक्क होत. त्याहून थक्क व्हायची वेळ एकदा आली. विरुद्ध बाजूचं मत लिहून झालं आणि पाळकांनी थांबवलं. “खोडा ते. ते लोक इतकं बावळटासारखं बोलत नाहीत. त्यांचं म्हणणं त्यांना पटेल असं लिहा, मग आपण उत्तर देऊ.” उपदेशकांना आपली जुनी पत्रकं आठवली आणि मान खाली गेली.

आज शेवटचं प्रकरण होतं.

“हं,” पाळक म्हणाले, “तो मुद्दा...” आणि थांबले. कपाळावर हात गेला. “मास्तर, विसरलो हो. त्या मोठ्या सभेत मांडला होता. सगळं पुस्तक त्यावर उभं आहे, आणि गेला. पार गेला.”

उपदेशकांना तो मुद्दा लख्ख आठवत होता. त्या सभेत त्यांनी तीन ग्लास पाणी पिऊन विषय बदलला होता. नंतर किती वर्षं उत्तर शोधलं. आजही सापडलं नव्हतं. आता फक्त गप्प बसायचं होतं. पुस्तक लंगडं निघालं असतं, त्यांची मंडळी खूश झाली असती, आणि कुणाला पत्ताही लागला नसता. आतल्या खोलीतलं शिवणयंत्र थांबलं होतं.

उपदेशक दोनदा खाकरले.

“तो पक्षाघाती माणूस,” ते म्हणाले. आवाज खाली ठेवायचं भान राहिलं नाही. “चौघांनी त्याला खाटेवर घालून आणलं. गर्दीतून वाट मिळेना, तेव्हा छप्पर उघडून प्रभूपुढे खाली सोडलं, आणि ‘त्यांचा विश्वास पाहून’ प्रभूनं त्याला बरं केलं. तुम्ही विचारलं होतं, प्रभूनं तिथे विश्वास कुणाचा पाहिला? खाटेवर पडलेल्याचा की खाट उचलणाऱ्यांचा? मग आईबापांच्या विश्वासावर बाळाला का आणू नये?”

आणि त्यांनी ते सगळं आपल्या हातानं, चांगल्या अक्षरात, एक शब्दही न गाळता लिहिलं. मग पेन खाली ठेवलं.

“पाळकसाहेब, मी मास्तर नाही.”

“ठाऊक आहे. बोलायच्या आधी तुम्ही दोनदा खाकरता. चाळीस वर्षं ऐकतोय.”

“मग हाकललं का नाहीत मला?”

“माझी मंडळी भली आहे हो. पण मी दोन आणि दोन पाच म्हटलं तरी आमेन म्हणते. मला असा माणूस हवा होता, ज्यानं माझा शब्द न् शब्द कान देऊन ऐकलाय.” पाळकांनी चाचपडत हात पुढे केला. “बाप्तिस्म्याच्या बाबतीत तुम्ही चुकतच आहात. त्यात काही बदल नाही.”

“तुम्हीही,” उपदेशक म्हणाले आणि तो हात दोन्ही हातांत घट्ट धरला. त्यांचे डोळे भरून आले होते.

“असू द्या. आता खाटेवर मी आहे, बंधू. तीन कोपरे माझी माणसं धरतील. चौथ्यासाठी मुलीला तुमच्याकडे मीच पाठवलं होतं.”