रिकाम्या हातांची उडी

"चार ऐंशी!" प्रेमराज सर टेप हातात धरून ओरडले. "रोहिणी, अगं चार ऐंशी!"

रोहिणी वाळूतून उठली. तिच्या मागे, उतरताना सोडलेले दोन दगड अर्धे वाळूत रुतले होते. तिने ते उचलून फ्रॉकला पुसले आणि पुन्हा धाव घ्यायच्या खुणेकडे चालू लागली.

प्रेमराज सर मूळचे नशिराबादचे. दोन वर्षांपूर्वी बदली होऊन चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या या आश्रमशाळेत आले. त्यांना नव्या गोष्टींचा भारी नाद, आणि जुन्यांचा त्याहून जास्त. गेल्या वर्षी ग्रीकांसारखी अंगाला तेल चोपडून कुस्ती शिकवली, तर वसतिगृहातलं महिन्याचं तेल आठ दिवसांत संपलं. या वर्षी पुस्तकात चित्र सापडलं: दोन हातांत दोन दगड घेऊन लांब उडी मारणारा ग्रीक माणूस. उडताना दगड पुढे झोकायचे, उतरताना मागे झटकून सोडायचे. दगडच माणसाला पुढे नेतात. स्पर्धेत दगड चालत नाहीत, पण सरावाने झोक अंगात मुरतो, असं सरांचं म्हणणं.

उद्या जळगावला निवड होती. साडेचार मीटर पडली तर रोहिणीला क्रीडा वसतिगृहात जागा होती. नाही पडली तर परवा बापाबरोबर गुजरातला, ऊसतोडीला. बापाने तिचं गाठोडंही बांधून ठेवलं होतं. दगड येण्याआधी ती चार दहाच्या पुढे कधी गेली नव्हती.

"सर," पहिल्या दिवशी ती म्हणाली होती, "दगड पुढे गेले की कोणीतरी हात धरून ओढतं."

"तेच तर!" सर खूश झाले होते. "तीन हजार वर्षांपूर्वी त्या लोकांना हेच कळलं होतं."

आज सहावा दिवस. रोहिणी धावणार तेवढ्यात स्वयंपाकघरातून तिची आई आली. बुधीबाई शाळेत भाकरी करायची. इतक्या दिवसांत मैदानाकडे कधी फिरकली नव्हती. पिठाच्या हातांनी तिने पोरीच्या हातातले दगड घेतले, उलटेपालटे करून पाहिले.

"सर, ह्या दगड कथाईन लयनात?"

"नाल्यापाशी अंजनाचं झाड आहे ना अक्का, त्याखाली मिळाले. सारख्या वजनाचे, मुठीत बसणारे. गेरू फासला होता कोणी, तो साबणाने धुऊन काढला."

बुधीबाईने दगड पोरीला परत दिले नाहीत. "त्या मना बादलना शेतस."

बादल तिचा थोरला. तीन पावसाळ्यांपूर्वी तापीच्या पुरात गेला, अंग सापडलं नाही. ज्याचं अंग सापडत नाही, त्याच्या नावाने या पाड्यावर दोन दगड ठेवतात, दोन हातांत दोन. हाताला ओझं असलं की तो एका जागी बसतो. नाहीतर सापडेल त्याचा हात धरून हिंडतो.

सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. बुधीबाई मात्र त्यांच्याकडे बघतच नव्हती, पोरीकडे बघत होती.

"तुले ठाऊक व्हतं?"

"पयले दिनच वळखी लिधात," रोहिणी खाली मान घालून म्हणाली.

"मंग सांगं काबर नही?"

रोहिणीची नजर धाव घ्यायच्या खुणेकडे गेली. बुधीबाईने दगड ओच्यात घेऊन गाठ मारली. "तो तिले हात धरीसन लई जाई, सर."

"सर, एकच उडी," रोहिणी घाईने म्हणाली. "रिकाम्या हातांनी. उद्या तशीच मारायची आहे ना."

सरांनी दाताळं घेतलं आणि सगळी वाळू एकसारखी केली. बुधीबाई वाळूपासून दहा पावलं दूर उभी राहिली, दोन्ही हात ओच्यावर. सकाळचे नऊ वाजले होते. लख्ख ऊन होतं, वारा नव्हता.

रोहिणी धावली, फळीवरून उडाली. हात पुढे गेले तेव्हा मुठी आवळलेल्या होत्या आणि मनगटाच्या शिरा ताठ झाल्या होत्या. उतरताना शिकवल्याप्रमाणे हात मागे गेले, मुठी उघडल्या.

वाळूत तिचा आवाज झाला. मग तिच्या मागे आणखी दोन आवाज झाले, धप्प, धप्प.

टाचांची खूण चार एकाहत्तरवर होती. तिच्या अलीकडे, फळीच्या दिशेने, चार बारावर दोन खड्डे पडले होते. मुठीएवढे, ताजे, कडांवरून वाळू अजून आत घसरत होती. त्यांत काहीच नव्हतं.

सरांनी वळून पाहिलं. बुधीबाईच्या ओच्याची गाठ तशीच होती.

आता मात्र त्यांना भीती वाटली. तरी सवयीने हात टेपकडे गेलाच. नियम साधा आहे, फळीला सर्वांत जवळची जी खूण, तिथपर्यंत मोजायचं. उद्या जळगावचे पंच हे खड्डे कशाचे म्हणून विचारणार नव्हते.

"चार बारा धरतील, सर?" रोहिणीने विचारलं.

सरांचं बोट टेपवरच्या चार बारावर थांबलं. तिला उत्तर कळलं.

ती गुडघ्यांवर बसली. दोन्ही खड्डे तिने तळव्यांनी हळूहळू बुजवले, वाळू थोपटून सारखी केली. मग आपल्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे तोंड करून, घरात बोलतात तशी, उद्यासाठी बजावत म्हणाली, "दादा, सकाय हात सोडू नको."

बुधीबाईने ओच्यातले दगड चाचपले. दोन्ही होते. त्यांना वजन नव्हतं.