तांब्याची पाटी

आई गेली त्याला महिनाही झाला नव्हता. शेजारच्या शोभामावशी कुंपणापलीकडून म्हणाल्या, "काहून वं लता, तुझे बाबा आज बर्डीच्या बाजारात नेलपॉलिश घेऊन राहिले होते. कोणासाठी वं?" मी हसण्यावारी नेलं. पण बाबांच्या पिशवीत नेलपॉलिशच्या शेजारी एक तपकिरी बाटली होती आणि तिच्यावर कवटीचं चित्र होतं.

दुपारी ती बाटली घेऊन बाबांनी खोलीचं दार आतून लावलं. मी दार वाजवलं. आतून काहीतरी ओतल्याचा आवाज आला.

"बाबा, दार उघडा. बाबा, मला आता तुम्हीच आहात हो."

कडी निघाली. बाबांची बोटं पिवळी झाली होती. टेबलावरच्या प्लास्टिकच्या ताटलीत त्या बाटलीतलं काळपट पाणी होतं आणि त्यात तांब्याचा पत्रा चिकटवलेली एक पाटी बुडाली होती. तिच्यावर नेलपॉलिशच्या लाल रेघा होत्या. रेघांखालचं तांबं तेवढं टिकलं होतं, बाकीचं विरघळत होतं.

"रडून काहून राहिली? इंटरकॉमचं सर्किट हाय. घरीच बनवून राहिलो," बाबा म्हणाले. "एक डबा माझ्या उशाशी, एक तुझ्या. या खोलीतलं त्या खोलीत ऐकू येते."

"कशाला, बाबा?"

ते ताटली हलवत राहिले.



"मले भेव लागते, लता. तुझी आई झोपेत गेली, तं बाजूले असून मले समजलं नाही. तू तं पार दुसऱ्या खोलीत निजते."