पाठवणीची चाल

"ही चाल तुमची नाही, निसारभाई. पिक्चरची आहे."

सावळीराममामा असं म्हणाले आणि निसारने ट्रम्पेट ओठांवरून खाली घेतला. बरं, बोलायला मुहूर्त कुठला गाठावा माणसानं? सख्ख्या भाचीची पाठवणी चाललेली, जीप दाराशी उभी, घोटीची वऱ्हाडी मंडळी उजेडात घरी पोचायची घाई करतायत, नवरी अजून आईच्या गळ्यात. पण मामांचं असंच होतं. पिक्चरचा विषय डोक्यात आला की पुढचं-मागचं काही दिसायचं नाही.

सिनेमाचा किडाच होता तो माणूस. अंबडच्या कारखान्यातून सुटला की सायकल घराकडे न वळता टॉकीजकडे वळायची. एकेक पिक्चर तीनतीनदा. शहाऐंशी साल असेल ते. कॉलनीत पहिला टेपरेकॉर्डरही मामांनीच आणलेला. त्यांनी सांगावं आणि बाकीच्यांनी मान डोलवावी, अशी रीतच पडून गेली होती.

निसारचा बँडही काही जगावेगळा नव्हता म्हणा. नाशकातले सगळे बँड करायचे तेच तोही करायचा. शुक्रवारी पिक्चर लागला की रविवारच्या लग्नात त्यातलं गाणं तयार. त्याबद्दल कोणी त्याला नावं ठेवत नव्हतं, कारण लोकांना तेच हवं असायचं. फक्त पाठवणीला तो जी चाल वाजवायचा, तिला शब्द नव्हते. ती माझी, असं तो सांगायचा. अख्ख्या आयुष्यात आपली म्हणून दाखवावी अशी त्याच्याकडे ती एकच गोष्ट होती.

त्या चालीत मध्येच एक जागा यायची. सूर चढत चढत जायचे आणि एकदम थांबायचे. अर्धा श्वास काही नाही, मग पुन्हा वर. कोणी म्हणायचं निसारमास्तरांनी तिथं हुंदका ठेवलाय. कसला हुंदका! निसारचा ट्रम्पेट जुनापुराणा, त्याची मधली कळ दाबली की खालीच बसायची. ती नखाने उचलून वर आणायची, तेवढा वेळ जायचा, बस्स. पण नवरीची आई नेमकी तिथेच डोळ्यांना पदर लावायची, हेही खरं. मामांच्या बहिणीच्या, चंद्रभागाबाईंच्या थोरलीला याच चालीवर निरोप दिला होता, म्हणून धाकटीच्या लग्नाला त्यांनी मुद्दाम निसारचाच बँड सांगितला होता.

"कुठल्या पिक्चरची, मामा?" ढोलवाला केरू जरा तिखटपणेच म्हणाला.

मामांनी कपाळ चोळलं. नाव जिभेवर आहे म्हणाले. काळा-पांढरा होता, नायिका आजारी असते म्हणाले. पण नाव काही येईना.

केरूला हसू आलं. निसारला मात्र आलं नाही. इतकी वर्षं रोज दुसऱ्यांच्या चाली फुंकायच्या. त्यातलाच एखादा तुकडा आपल्याला चिकटला असेल आणि आपण त्याला आपला म्हणत बसलो असू, तर? मामांशी भांडायला त्याच्याजवळ पुरावा तरी काय होता? चाल जिथून येते तिथं काही शिक्का मारत नाहीत.

"दुसरं वाजवू," तो केरूला हळूच म्हणाला. "एखादं नवं गाणं घे."

चंद्रभागाबाईंनी ते ऐकलं. लेकीला सोडून त्या दोन पावलं पुढे आल्या. थोरलीला जे वाजवलं तेच हिलाही वाजवा, एवढंच त्यांचं म्हणणं. निसार मान खाली घालून उभा राहिला.

आणि तेवढ्यात पलीकडच्या गल्लीतून तीच चाल ऐकू आली.

त्या दिवशी कॉलनीत आणखी एक लग्न होतं, त्यांची पाठवणीही निघाली होती. वळणावरून त्यांचा बँड दिसायला लागला. बाहेरगावचा बँड, लाल कोट, वाद्यं अशी नवीकोरी की उन्हात डोळे दिपावेत. पुढे एक मिशीवाला गडी ट्रम्पेट वाजवत होता. त्याला इथलं कोणीच ओळखत नव्हतं.

"बघा!" मामा खूश झाले. "तेही वाजवतायत. मी म्हटलं नव्हतं, पिक्चरची आहे? सगळीकडे पोचलेली असणारच."

निसारने ट्रम्पेट काखेत मारला. विषय संपला होता.

सूर चढत चढत आले आणि थांबले. अर्धा श्वास काही नाही. त्या मिशीवाल्याने आपल्या चकचकीत ट्रम्पेटची मधली कळ नखाने उचलल्यासारखी केली, मग पुन्हा वर गेला.

मामा बघतच राहिले. मग त्यांनी निसारच्या काखेतल्या ट्रम्पेटकडे पाहिलं. ती कळ आत्ताही खालीच बसलेली होती.

"त्याची कळ तर नवी आहे," मामा पुटपुटले. "तो कशाला उचलतोय?"

केरू गालातल्या गालात हसत होता. मामांनी पुन्हा कपाळ चोळलं, घसा साफ केला.

"आठवलं, निसारभाई," ते म्हणाले. "कुठल्याच पिक्चरची नाही. वाजवा."

निसारने आधी बाहीने डोळे पुसले आणि मग ट्रम्पेट. पलीकडचा बँड चाल पहिल्यापासून घेत होता, त्यातच तो मिसळला. दोन्ही ट्रम्पेट बरोबर चढत गेले. त्या जागेवर दोघंही थांबले, आणि तेवढ्या शांततेत जीपमध्ये चढणाऱ्या नवरीच्या हिरव्या बांगड्या सगळ्यांना ऐकू आल्या.