ओट्याचा उतार

दीपगृह तिरकं उभं होतं.

धाकटीनं मान वाकडी करून पाहिलं, मग सरळ करून पाहिलं. चार मजल्यांचा केक, वर साखरेची गोल खोली, तिला बोटाएवढ्या खिडक्या, आणि सगळंच्या सगळं उजवीकडे कललेलं.

सभागृहात ओळीनं टेबलं मांडली होती. घंटा झाली की केकला हात लावायचा नाही, मग परीक्षक येणार. पहिला नंबर आला तर मोठ्या बेकरीत नोकरी. नाही आला तर पुन्हा काकाच्या दुकानात खिळे तोलत बसायचं. काकानं तर सांगूनच ठेवलं होतं, "ये जाऊन. स्टूल तुझंच आहे."

घरी तर सरळ होतं. नुसत्या नजरेचा भरवसा नको म्हणून तिनं बाबांचा ओळंबा, दोरीला टांगलेली ती गवंड्याची लोखंडी गोळी, धरून एकेक मजला चढवला होता. ओळंबा खोटं बोलत नाही, हे बाबांचंच वाक्य.

मग तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पडला नसता तर बरं झालं असतं, असंही वाटलं. ओळंबा बरोबरच होता. चुकला होता तो ओटा.

स्वयंपाकघरातला ओटा बाबांनी स्वतःच्या हातानं बांधलेला. त्यावर लिंबू ठेवलं की डावीकडे घरंगळत जायचं, कढईतलं तेल एका अंगाला जमायचं. "उतार मुद्दाम ठेवलाय, पाणी निघून जायला," असं बाबा म्हणत. बेसिन उजवीकडे होतं. पण जन्मभर लोकांच्या भिंती सरळ बांधलेल्या माणसाला हे सांगणार कोण? आई आपली गुपचूप शेगडीच्या डाव्या पायांखाली पुठ्ठ्याची घडी सारायची आणि बाबा आत आले की ती झाकायला शेगडीपुढं उभी राहायची. असल्या उतरत्या ओट्यावर सरळ उभं केलेलं दीपगृह इथं सपाट टेबलावर तिरकं होणार नाही तर काय.

निघताना आईनं पुठ्ठ्याचा एक तुकडा तिच्या हातात कोंबला होता. "असू दे. लागतो कधी कधी." तो आता एप्रनच्या खिशात होता. केकच्या पाटाखाली उजवीकडे सारला की काम फत्ते. पण बाबा शेजारीच उभे होते, नवा शर्ट घालून, पलीकडच्या टेबलावरच्या बाईंना सांगत, "ओळंब्यात आहे. माझ्या ओट्यावर केलाय." त्यांच्यादेखत पुठ्ठा काढायचा म्हणजे इतकी वर्षं घरात जे कुणी बोललं नाही, ते इथं चारचौघांत बोलायचं. तिचा हात खिशात गेला आणि तिथंच राहिला.

वरची एक खिडकी सुटली आणि क्रीमवरून हळूच खाली घसरली. बाबांनी वळून पाहिलं.

"गाडीत हलला असेल," ती घाईघाईनं म्हणाली.

सवयीनं खिशात ठेवलेला ओळंबा काढून बाबांनी केकसमोर धरला, एक डोळा मिटला. मग तिच्या डब्यातला साखरेचा एक गोल मणी उचलून टेबलावर ठेवला. मणी जागचा हलला नाही. बाबा त्याच्याकडे बघत राहिले.

संयोजक बाई घंटेपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"दे," बाबा म्हणाले.

"काय?"

"पुठ्ठा. आईनं दिलाच असेल."

तिनं दिला. त्यांनी तो आणखी एकदा दुमडला, पाट एका बाजूनं अलगद उचलला आणि घडी आत सारली. "घरी डावीकडे लागतो, इथं उजवीकडे," ते स्वतःशीच पुटपुटले. दीपगृह सरळ झालं. तिनं सुटलेली खिडकी कशीबशी जागेवर चिकटवली, तोच घंटा वाजली.

परीक्षक पहिल्या टेबलाकडे वळले. बाबा ओळंब्याची दोरी बोटाला गुंडाळत होते.

"उद्या ओटा फोडू," ते हळूच म्हणाले. "पण आईला सांग, तुझ्या केकसाठी मोठा करतोय म्हणून."