अपडेट आलं की

हैबतरावांच्या फोनच्या काचेवर, खाली मधोमध, एक पुसट गोल डाग पडला होता. रोज सकाळी चहा झाला की ते तिथेच अंगठा टेकवायचे, अपडेट आलं का बघायला. फोन दर वेळी तेच सांगायचा: नवीन काही नाही.

त्यावर व्हिडिओ कॉल लागणं बंद होऊन दोन वर्षं झाली होती. विहिरीजवळचं शेत मुलीच्या, वैशालीच्या, नावावर करायचं, हे मस्कतला असलेल्या मुलाला सांगायचं राहिलं, त्यालाही तेवढीच. सासर सोडून आल्यापासून ते शेत वैशालीच कसत होती. यंदाही वाल तिनेच पेरले होते.

"असलं तोंडाकडे बघून सांगायचं असतं," हैबतराव म्हणायचे. "अपडेट आलं की बोलतो जितेशशी."

"माझ्या फोनवरून बोला ना, आप्पा."

"तुझ्या? म्हणजे तूच बोलायला लावलंस, असं वाटेल त्याला."

शेवटी वैशालीनेच शोधून काढलं. कंपनीने त्या मॉडेलकडे लक्ष देणं कधीच सोडलं होतं. अपडेट येणारच नव्हतं. पण कुठकुठल्या देशांतल्या माणसांनी मिळून त्याच फोनसाठी नवी सिस्टीम लिहिली होती, कोणीही घ्यावी, कोणीही सुधारावी अशी. वैशाली पेणच्या कॉलेजात प्रयोगशाळेत कामाला होती. आधी फोनमधले आप्पांचे फोटो उतरवून घेतले, मग तिथल्या कॉम्प्युटरला फोन जोडून तिने ती सिस्टीम आत घातली.

"कंपनी देत नाय, ते ही माणसं फुकट देतात?" हैबतरावांनी फोन उलटासुलटा करून पाहिला. "त्यांना काय मिळतं गो?"

"त्यांचेही फोन असेच पडून होते, आप्पा."

"येडी हायत. त्यांना म्हणावं, आपल्या गागोद्याला या वालाचं बिरडं खायला."

शुक्रवारी जितेशला सुट्टी असे. कॉल पहिल्याच झटक्यात लागला. वैशाली उठून ओटीवर गेली. भावाला आपण दिसायला नको. आतलं सगळं ऐकू येत होतं. तिकडची हवा. नातवाचे दात. गाय व्यायली ते. मग पुन्हा तिकडची हवा. वैशालीने सूप पुढे ओढलं आणि वाल निवडायला घेतले.

आतून खुर्ची पुढे ओढल्याचा आवाज आला.

"जितेश," हैबतराव म्हणाले, "विहिरीजवळचं शेत मी वैशालीच्या नावावर करतोय. विचारत नाय, सांगतोय."