पिवळा अंगरखा

घोडागाड्यांच्या पाचव्या शर्यतीत क्लेमच्या गाडीचं चाक उजवीकडून येणाऱ्या रॉडच्या घोड्याच्या पायांत अडकलं आणि रॉड गाडीसकट उलटला. क्लेमला तो घोडा दिसलाच नव्हता. वर्षभर त्याला सगळंच धुक्यातून बघितल्यासारखं दिसत होतं, आणि हे त्याच्या बायकोशिवाय, नोरीनशिवाय, कुणालाच ठाऊक नव्हतं.

"पंचांशी हुज्जत घालू नकोस," तबेल्यात त्याच्या पिवळ्या अंगरख्यावरची माती झटकत नोरीन म्हणाली. "निष्काळजीपणा झाला म्हण आणि मोकळा हो. तीन-चार आठवडे घरी बसवतील. डोळ्यांचं कळलं तर लायसन कायमचं जाईल."

"घरी बसून मी काय करू? तुझं डोकं खाऊ?"

"खा. सवय आहे मला."

चौकशीच्या खोलीत मुख्य पंच ग्रेटाबाईंनी टीव्हीवर शर्यत लावली. "क्लेम, नीट बघ आणि मग बोल."

पडद्यावर नुसता रंगांचा काला होता. त्यात एक पिवळा ठिपका सापडला, तसा क्लेमच्या जिवात जीव आला. चाळीस वर्षं तो पिवळाच अंगरखा घालून घोडे हाकत होता.

"हा बघा, हा मीच," तो बोट दाखवून म्हणाला. "चाक माझंच लागलं. स्पष्ट दिसतंय की! निष्काळजीपणा कबूल. द्या काय शिक्षा द्यायची ती."

ग्रेटाबाईंनी हळूच टीव्ही बंद केला.



"मशीनवर चुकून चौथी शर्यत लागली होती रे, क्लेम. हिच्यात तू नव्हतासच."